घोगऱ्या आवाजाची कारकीर्द : नोबुयो ओयामा

नोबुयो ओयामा 29 सप्टेंबर 2024 ला गेल्या. वय 90, कारण वार्धक्य. बातमी बाहेर आली 11 ऑक्टोबरला आणि त्या दिवशी जपानमधल्या बहुतेक मथळ्यांत त्यांच्या नावाच्या आधी डोरेमॉनचं नाव होतं. ते साहजिकच आहे. 1979 पासून 2005 पर्यंत, सलग 26 वर्षं, त्या निळ्या यंत्रमांजराचा आवाज त्यांचा होता. पण डोरेमॉन मिळाला तेव्हा त्या पंचेचाळिशीत होत्या आणि या धंद्यात त्यांची वीसएक वर्षं झाली होती. ती वीस वर्षं वगळली, तर हा आवाज आला कुठून ते कळत नाही.

जन्म 16 ऑक्टोबर 1933 चा, तोक्योच्या शिबुया भागातला. आवाज लहानपणापासून जाडा, घोगरा. शाळेत त्यावरून पोरं इतकं चिडवायची, की त्यांनी वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. तेव्हा आईनं समजूत घातली ती अशी : जो भाग कमजोर आहे त्याला जपत बसलं तर तो आणखी कमजोर होतो, तेव्हा आवाज वापर, जितका वापरता येईल तितका वापर. मग त्या शाळेच्या नाट्य-प्रसारण मंडळात शिरल्या. हा किस्सा त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. पुढचं शिक्षण हाइयुझा या नामांकित नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षण वर्गात झालं. म्हणजे तयारी रंगभूमीची होती. आवाजाचा कलाकार व्हायचं असं ठरवून तेव्हा कुणी या वाटेला येत नसे.

अशी वाट तयार व्हायला कारण झालं एक भांडण. जपानमध्ये टीव्ही सुरू झाला 1953 साली. मोठ्या चित्रपट कंपन्यांना त्यात आपला प्रतिस्पर्धी दिसला. 1956 मध्ये त्यांनी टीव्हीला नवे चित्रपट द्यायचे नाहीत असं ठरवलं, करारातल्या नटनट्यांनाही छोट्या पडद्यापासून लांब ठेवलं. वाहिन्यांकडे वेळ भरपूर आणि दाखवायला काही नाही. ही पोकळी भरून काढली अमेरिकी मालिकांनी. त्या काळच्या लहानशा, धूसर पडद्यावर उपशीर्षकं वाचणं कठीण, त्यात पाहणाऱ्यांत पोरं जास्त. त्यामुळे डबिंगला पर्याय नव्हता. सिनेमातले बडे नट याकडे फिरकणार नव्हते. मग बोलावणं गेलं ते नभोनाट्यातल्या मंडळींना आणि हातातोंडाची गाठ घालताना मेटाकुटीला आलेल्या तरुण रंगकर्मींना. ओयामा त्यांतल्याच. 1957 मध्ये ‘लॅसी’ या कुत्रीच्या अमेरिकी मालिकेच्या जपानी डबिंगपासून त्यांचं हे काम सुरू झालं.

सुरुवातीची काही डबिंगं तर थेट प्रक्षेपण चालू असतानाच व्हायची. समोर चित्र सरकतंय, हातात संहिता, वाक्य चुकलं की ते तसंच घराघरांत पोचलं. अशा कामात लहान मुलं कशी उभी करणार? वेळेचं बंधन, वाचनाचा प्रश्न, आणि मालिका लांबली तर मध्येच मुलाचा आवाज फुटायची भीती. तेव्हा मुलग्यांच्या भूमिका बायकांनी करायच्या ही रीत पडली आणि ती जपानी अॅनिमेशनमध्ये आजतागायत टिकून आहे. 1963 च्या पहिल्या दिवशी सुरू झालेल्या ‘अॅस्ट्रो बॉय’ या अॅनिमेशन मालिकेतल्या नायकाचा आवाजही मारी शिमिझु या अभिनेत्रीचाच होता. ज्या घोगरेपणावरून शाळेत टिंगल झाली, त्याला इथे गिऱ्हाईक मिळालं. ओयामांच्या आवाजात नाजूकपणा औषधालाही नव्हता. गुडघे फुटलेल्या, खिशात गोट्या खुळखुळणाऱ्या पोराचा आवाज होता तो.

1960 मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘बू फू वू’ हा बाहुल्यांचा कार्यक्रम लागला. तीन डुकरांच्या गोष्टीतल्या तीन भावांचा पुढचा संसार, असं त्याचं स्वरूप. थोरला बू म्हणजे ओयामा. धाकट्या वूचा आवाज होता तेत्सुको कुरोयानागी यांचा. हो, त्याच : ज्यांची ‘तोत्तोचान’ मराठी घरांतून आणि शिक्षकांच्या शिबिरांतून गेली कित्येक वर्षं वाचली जाते. आपल्याकडे कुरोयानागी ठाऊक आहेत त्या झाडावर चढणाऱ्या, आगगाडीच्या डब्यातल्या शाळेत रमणाऱ्या मुलीमुळे. पण जपानी टीव्हीच्या पहिल्या फळीतल्या त्या अभिनेत्री आणि साठच्या दशकातल्या जपानी पोरांनी त्यांना ऐकलं ते ओयामांच्या धाकट्या भावाच्या रूपात.

पुढची दहा-पंधरा वर्षं मग मुलग्यांचीच. 1969 मध्ये ‘साझाए-सान’ हे एका कुटुंबाचं कार्टून सुरू झालं, जे अजूनही दर रविवारी चालू आहे. त्यातल्या कात्सुओ या वांड भावाचा पहिला आवाज ओयामांचा होता, जरी थोड्याच काळापुरता. 1977 च्या ‘झाम्बोत 3’ या यंत्रमानवांच्या मालिकेत त्या नायक काप्पेई झाल्या. त्या मालिकेचा शेवट मुलांच्या कार्यक्रमाच्या मानानं फार जिव्हारी लागणारा आहे. ओयामांना फक्त गोड आवाजाच्या बाई समजणाऱ्यांनी ती पाहायला हवी.

नाव होत होतं, पैसे मात्र यथातथाच. आवाजाला मोबदला मिळायचा तो एकदाच, कार्यक्रम पुन्हा कितीदा दाखवला तरी. ऑगस्ट 1973 मध्ये जपानमधल्या आवाजाच्या कलाकारांनी एक दिवस काम बंद ठेवलं, मोर्चा काढला आणि मोबदला सुमारे तिपटीनं वाढवून घेतला. आज या लोकांचे कार्यक्रम मोठमोठ्या सभागृहांत हाउसफुल्ल होतात. या पेशाला पेशा म्हणून मान मिळायला सुरुवात झाली ती तिथून, असं मला वाटतं. चाहत्यांचं वेड नंतरचं.

त्याच 1973 मध्ये डोरेमॉन पहिल्यांदा टीव्हीवर आला आणि आपटला. फुजिको एफ. फुजिओ यांची चित्रकथा 1969 च्या अखेरीपासून शालेय मासिकांत चालू होती. निप्पॉन टीव्हीवरच्या या पहिल्या मालिकेत डोरेमॉनला आवाज होता कोसेई तोमिता या पुरुष नटाचा. त्यांचा आवाज भरदार, काहीसा काकांसारखा. मालिका अर्ध्यावर आली आणि ते काम मासाको नोझावा यांच्याकडे गेलं. पुढे ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूमुळे जगभर पोचल्या त्या याच. सहा महिन्यांत निर्मिती करणारी कंपनीच आटोपली आणि मालिका विस्मरणात गेली.

2 एप्रिल 1979 ला टीव्ही आसाहीवर दुसरा डाव सुरू झाला. दहा-दहा मिनिटांचे भाग, सोमवार ते शनिवार संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाच्या तोंडावर. या वेळी डोरेमॉन ओयामांकडे आला. मूळ चित्रकथेतला डोरेमॉन तसा फटकळ आहे, ज्याला सांभाळायचं त्या नोबिताला वाट्टेल ते बोलतो. ओयामांनी संहिता वाचली आणि त्यांना ते पटेना. त्यांचा तर्क साधा होता : बाविसाव्या शतकात मुलाची काळजी घ्यायला बनवलेला यंत्रमानव असेल, तर बनवणाऱ्यांनी त्याला शिव्या शिकवल्या असतील का? मग त्यांनी त्याला अदबीनं बोलायला लावलं. पहिल्या भेटीत तो आपली ओळख नीट, नम्रपणे करून देतो, नोबिताला प्रेमानं हाक मारतो. संहितेत नसलेली ही वाक्यं त्यांच्या पदरची. सोबतच्या कलाकारांनीही मग आपापली भाषा सावरून घेतली. दांडगट जियानसुद्धा मारायला धावतो, पण तोंड घाण करत नाही.

हे काम सगळ्यांनी एका खोलीत उभं राहून करायचं. समोर पडदा, मध्ये तीन-चार माईक आणि पाच-सात माणसं. आपलं वाक्य आलं की पुढे सरकायचं, बोलून झालं की पावलांचा आवाज न करता मागे व्हायचं. संहितेचं पान उलटताना कागद वाजला की सगळ्यांनाच पुन्हा बोलावं लागायचं. नोरिको ओहारा (नोबिता), मिचिको नोमुरा (शिझुका), काझुया तातेकाबे (जियान), कानेता किमोत्सुकी (सुनियो) आणि ओयामा. ही पाच माणसं पाव शतकाहून जास्त काळ दर आठवड्याला अशी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. भांडणातली वाक्यं एकमेकांवर कशी चढतात ते ऐकलं, की ही सवय जाणवते. एकेकट्यानं ध्वनिमुद्रण करून ती येत नाही.

खुद्द फुजिओंनी हा आवाज ऐकला तेव्हा डोरेमॉनचा आवाज असा असतो होय, अशा अर्थाचं ते बोलल्याचं सांगतात. इतकी वर्षं कागदावर काढलेल्या पात्राचा आवाज त्याच्या निर्मात्याला दुसऱ्याकडून कळला. ओयामांना यापेक्षा मोठी पावती नको होती. पुढे मुलांचा गोंधळ नको म्हणून त्यांनी अॅनिमेशनमधली इतर कामं जवळपास बंदच केली. हा आर्थिक तोटा होता आणि तो त्यांनी समजून-उमजून घेतला.

घरी मूल नव्हतं. नवरा केइसुके सागावा. एनएचकेवर मुलांना कवायत शिकवणारे पहिले ‘दादा’ म्हणून तो सगळ्या देशाला माहीत. लग्न 1964 चं. एक मूल जन्मतःच गेलं, नंतरची मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. अख्ख्या देशाच्या मुलांचं मन रमवणारं हे जोडपं, आणि घरचं चित्र हे. याच्यावर जपानी मासिकांनी नको इतकं लिहिलं आहे, तेव्हा इथे एवढंच पुरे. ओयामा फार चांगला स्वयंपाक करायच्या, पाककृतींची त्यांची पुस्तकं धडाक्यात खपली. आणि अर्कनॉइड या विटा फोडण्याच्या व्हिडिओ गेममध्ये त्या इतक्या तरबेज होत्या, की निम्म्या वयाची पोरं मागे उभं राहून बघत.

2001 मध्ये आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि जागा कुणाला तरी द्यायला हवी हे त्यांच्या मनानं घेतलं. 18 मार्च 2005 ला त्यांचा शेवटचा भाग लागला. वाहिनीनं एकट्या ओयामांना न बदलता पाचही मुख्य आवाज एकदम बदलले आणि एप्रिलपासून वासाबी मिझुता डोरेमॉन झाल्या. लोक भयंकर संतापले. निर्णय कठोर होता खरा, पण माझ्या मते योग्यच. एकेक माणूस गळत जाईल तसं ठिगळ लावत गेलं असतं, तर नव्या प्रत्येकाची जुन्यांशी तुलना होत राहिली असती.

साधारण त्याच सुमारास भारतात हंगामा वाहिनीवर डोरेमॉन हिंदीत रुजला. ‘पोरं मराठी सोडून डोरेमॉनची हिंदी बोलायला लागली’ ही तक्रार पुण्या-नाशकातल्या आयांनी तेव्हापासून केली आहे. ओयामांचा आवाज त्या पोरांपर्यंत पोचला नाही. पण मांजराचा तो समजूतदार, किंचित वैतागलेला थोरल्या भावाचा स्वभाव पोचला आणि त्यात ओयामांचा हात मोठा.

2010 मध्ये त्यांनी ‘दांगानरोन्पा’ या व्हिडिओ गेममध्ये मोनोकुमाला आवाज दिला. अर्धं काळं, अर्धं पांढरं अस्वल, जे शाळेतल्या मुलांना कोंडून एकमेकांचे खून करायला लावतं. आवाज जवळपास डोरेमॉनचाच, तोच घोगरा जिव्हाळा, आणि तोंडी शब्द मात्र अंगावर काटा आणणारे. 26 वर्षं एक अपशब्द येऊ न देणाऱ्या बाईंनी वयाच्या 77 व्या वर्षी हे हसत-हसत केलं. नटाची जात कळते ती इथे.

2012 मध्ये अल्झायमरचं निदान झालं. मे 2015 मध्ये सागावा यांनी ते रेडिओवर जाहीर केलं. त्याआधी ते बराच काळ एकटेच सगळं सांभाळत होते आणि लपवतही होते. नामवंतांच्या घरातल्या स्मृतिभ्रंशाविषयी इतकं उघड बोलणं तेव्हा जपानमध्ये सर्रास नव्हतं. सागावा स्वतः कर्करोगानं 2017 मध्ये गेले. ओयामांची अखेरची वर्षं वृद्धाश्रमात गेली. तातेकाबे 2015 मध्ये, किमोत्सुकी 2016 मध्ये गेले आणि नोबिताचा आवाज असलेल्या ओहारा ओयामांच्या आधी अडीच महिने, जुलै 2024 मध्ये. ओयामा गेल्या तेव्हा त्या खोलीतल्या पाचांपैकी उरल्या त्या एकट्या शिझुका, म्हणजे मिचिको नोमुरा. मिझुताही 2005 पासून हे काम करत आल्या आहेत, आणि जपानमधल्या कॉलेजवयीन मुलांना डोरेमॉन म्हटलं की आवाज आठवतो तो त्यांचाच.