पीएम स्वनिधी: कर्जाच्या अर्जाआधी फेरीवाला असल्याचा कागद मिळवा

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि हातगाडीवाले, पथारीवाले, टोपलीवाले एका रात्रीत घरी बसले. फुलवाल्याचा माल तर दुसऱ्या दिवशीच कुजला. या धंद्यात भांडवल म्हणजे काल संध्याकाळचा गल्ला. तो घरात खर्च झाला की पहाटे माल उचलायला हातात काही राहत नाही, आणि मग गाठ पडते ती सावकाराशी.

सरकारने त्या काळात सवलती दिल्या, पण त्यातल्या बऱ्याच या माणसापर्यंत पोचण्यासारख्याच नव्हत्या. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत. पण ज्याला बँकेने कधी कर्जच दिलं नाही, त्याला हप्ता कुठला? छोट्या उद्योगांसाठीची आपत्कालीन पतहमी योजनाही मुळात २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्यांच्या नावावर कर्ज बाकी होतं, त्यांच्यासाठीच आखलेली होती. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते, पण फक्त नोंदणी असलेल्यांना, म्हणजे सुमारे ५ लाख जणांना. ज्यांचं नाव पालिकेच्या दप्तरात नव्हतं, ते पंचवीस वर्षं त्याच कोपऱ्यावर उभे असले तरी हिशेबात धरले गेले नाहीत.

म्हणून पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या कर्ज योजनेची माहिती देताना मी कर्जाच्या रकमेपासून सुरुवात करत नाही. गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या विक्रेत्यांचे अर्ज भरून देते, आणि अर्ज अडतो तो नव्वद टक्के एकाच ठिकाणी: तुम्ही फेरीवाले आहात, हे सांगणारा कागद तुमच्याकडे नसतो.

योजना नेमकी काय आहे

प्रधानमंत्री पथविक्रेता आत्मनिर्भर निधी ही केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाची योजना १ जून २०२० ला सुरू झाली. हे अनुदान नाही. हे खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज आहे, फेडावंच लागतं. तारण मात्र द्यावं लागत नाही. बँकेला हमी सरकारी पतहमी न्यासाकडून मिळते, त्यामुळे ‘घराची कागदपत्रं आणा’ किंवा ‘सोनं ठेवा’ असं कोणी म्हणालं तर ते योजनेत बसत नाही, हे ठामपणे सांगा.

सुरुवातीला पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, ते फेडलं की दुसरं २०,००० चं आणि मग तिसरं ५०,००० चं, अशी पायरी होती. २७ ऑगस्ट २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली आणि पहिली पायरी १५,००० व दुसरी २५,००० पर्यंत नेली; तिसरी ५०,००० वरच आहे. दुसरं कर्ज वेळेत फेडणाऱ्याला यूपीआयशी जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकतं. योजना आता टप्प्याटप्प्याने शहरालगतच्या भागांत आणि जनगणना शहरांतही (जनगणनेत शहर धरलेली, पण पालिका नसलेली गावं) न्यायची आहे. ३० जुलै २०२५ पर्यंत देशभरात ६८ लाखांहून जास्त विक्रेत्यांना ९६ लाख कर्जं दिली गेली होती, म्हणजे बरेच जण पहिलं कर्ज फेडून पुढच्या पायरीवर गेले. ‘हे लोक पैसे बुडवतात’ असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगते.

पात्रता: चार गटांपैकी तुम्ही कुठल्या

मूळ मार्गदर्शक सूचनांत २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधीपासून शहरात विक्री करणारे पात्र धरले होते आणि त्यांचे चार गट केले होते. पहिल्या गटात ज्यांच्याकडे पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे ते. यांचं काम सगळ्यात सोपं. दुसऱ्या गटात पालिकेने केलेल्या फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नाव आलं, पण प्रमाणपत्र हातात पडलं नाही असे लोक. त्यांना योजनेच्या पोर्टलवरून (संकेतस्थळावरून) तात्पुरतं प्रमाणपत्र काढता येतं. तिसरा गट सर्वेक्षणातून सुटलेल्यांचा किंवा सर्वेक्षणानंतर धंद्यात आलेल्यांचा. आणि चौथा, जे राहतात आसपासच्या गावात पण विकायला शहराच्या हद्दीत येतात त्यांचा. पहाटेच्या एसटीने पालेभाजी घेऊन येणाऱ्या बायका या चौथ्या गटात येतात, आणि ‘आम्ही तर गावचे, आम्हाला कशाला देतील’ असं समजून त्या अर्जच करत नाहीत. त्यांना सांगा, त्यांची जागा नियमात लिहिलेली आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या गटाला पालिकेचं किंवा नगर पथविक्रेता समितीचं (फेरीवाल्यांचे प्रश्न बघणारी शहराची समिती) शिफारसपत्र, म्हणजे तुम्ही फेरीवाले आहात असं सांगणारं पत्र लागतं. त्याचाच घोळ सगळ्यात मोठा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिफारसपत्र कसं मिळवायचं

आधी पोर्टलवर सर्वेक्षण यादीत नाव शोधा. राज्य आणि शहर निवडून नावाने किंवा मोबाइल नंबरने शोधता येतं. घाई करू नका. नाव माहेरचं असतं, टोपणनाव असतं, आडनावाचं स्पेलिंग भलतंच असतं. एका मावशींचं नाव यादीत नाही म्हणून आम्ही शिफारसपत्राच्या मागे लागलो होतो. शेवटी ते त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या मोबाइल नंबरवर सापडलं. नाव सापडलं की समोर दिसणारा सर्वेक्षण संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, अर्जात तोच लागतो.

नाव नसेलच, तर शिफारसपत्रासाठी अर्ज करा. तो पोर्टलवरून करता येतो. तुम्ही विक्रेते आहात याचा काहीतरी पुरावा जोडायचा असतो: फेरीवाल्यांच्या संघटनेचं सदस्यत्व, धंद्यासाठी पूर्वी घेतलेल्या कर्जाचे कागद, टाळेबंदीत फेरीवाला म्हणून मिळालेली एकरकमी मदत, किंवा विक्री सिद्ध करणारा दुसरा कुठलाही कागद. हा ‘दुसरा कुठलाही’ फार कामाचा आहे. पालिकेचा माणूस रोज किंवा आठवड्याला जागेची पावती फाडतो ना, ती पावती म्हणजे पुरावा. मालजप्ती झाली असेल तर सोडवताना भरलेल्या दंडाची पावतीसुद्धा दाखवा. त्या दिवशी राग येतो, रडू येतं, पण त्या कागदावर तुमचं नाव, जागा आणि तारीख छापलेली असते.

या पावत्यांबद्दल एक कळकळीची विनंती. आमच्याकडे लसूण-मिरची विकणाऱ्या एक काकू आल्या. कॅरीबॅगमध्ये रबर लावून पावत्यांचा चांगला वीतभर गठ्ठा आणला होता. सहा वर्षांच्या पावत्या. गठ्ठा सोडला तर वरच्या पंधरावीस सोडून बाकी सगळ्या कोऱ्या. मशीनमधून निघणारा तो चकचकीत कागद उन्हाने आणि ओलाव्याने पांढरा पडतो. काकू एकेक पावती उजेडात धरून तिरकी करून बघत होत्या, कुठे अक्षर दिसतंय का म्हणून. ज्या पंधरावीस टिकल्या होत्या, त्यांच्यावर काम भागलं. पण त्या सहा वर्षांतली साडेपाच वर्षं हातातून गेली ती गेलीच. तेव्हा दर महिन्याला दोनचार पावत्यांची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

यापैकी काहीच नसेल तरीही मार्ग बंद नाही. साध्या कोऱ्या कागदावर पालिकेकडे अर्ज देऊन ‘जागेवर येऊन चौकशी करा’ अशी मागणी करता येते. विक्रीची जागा, वेळ, माल आणि किती वर्षांपासून विकता ते स्पष्ट लिहा. शेजारच्या विक्रेत्यांची नावं द्या. मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारसपत्राच्या अर्जावर पालिकेने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि शिफारसपत्र दिलेल्याला ३० दिवसांत विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र द्यायचं असतं. हा दुसरा भाग लोक सोडून देतात. कर्ज मिळालं की विषय संपला असं समजू नका. शिफारसपत्राने कर्ज मिळतं. तुमची जागा टिकते ती विक्री प्रमाणपत्राने.

कारण प्रमाणपत्राच्या मागे पथविक्रेता कायदा, २०१४ उभा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. सर्वेक्षण दर पाच वर्षांतून किमान एकदा व्हायला हवं. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. समितीने प्रमाणपत्र नाकारलं तर पालिकेकडे अपील करता येतं. आणखी एक तरतूद कोविडमध्ये कर्ता माणूस गमावलेल्या घरांना ठाऊक असायला हवी होती, पण फार थोड्यांना होती: प्रमाणपत्रधारक वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत त्याची पत्नी किंवा पती, किंवा अवलंबून असलेलं मूल त्याच जागी विक्री करू शकतं. गाडी उचलायला आले तर ही तरतूद तोंडपाठ असू द्या.

अर्ज करताना

कागद फार नाहीत. आधार हवंच. त्याबरोबर मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना यांपैकी असेल ते, बँकेचं पासबुक, आणि प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र यांपैकी तुमच्या गटाला लागू असेल ते.

खरी अडचण मोबाइलची. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो आणि तो नंबर बऱ्याचदा मुलाचा असतो, मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला कामाला. किंवा सिम केव्हाच बंद पडलेलं. म्हणून अर्जाच्या आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या. अंगठ्याचा ठसा घ्यायची वेळ आली, तर आदल्या दिवशी लसूण सोलणं, मासळी साफ करणं शक्यतो टाळा आणि हात कोरडे करून बसा. झिजलेल्या, भिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही.

पोर्टलवर पहिल्या कर्जाचा पर्याय निवडायचा, मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यायचा, आपला गट निवडायचा, संदर्भ क्रमांक किंवा शिफारसपत्राचा तपशील भरायचा, आधार पडताळणी करायची आणि फॉर्म पूर्ण करायचा. कुठल्या बँकेकडून कर्ज हवं ते निवडता येतं; जिथे खातं आहे तीच शाखा निवडा, खेपा वाचतात. स्वतः अर्ज केला तर शुल्क नाही. जमत नसेल तर सेवा केंद्रावर जा किंवा पालिकेत पथविक्रेत्यांचं काम बघणाऱ्या कक्षात. ‘मंजूर करून देतो, हजार रुपये द्या’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अर्ज क्रमांक स्वतःच्या वहीत लिहा, दुसऱ्याच्या मोबाइलवर सोडू नका.

व्याज आणि हप्ते

व्याजदर बँकेचा असतो, पण वेळेवर हप्ते भरणाऱ्याला वर्षाला ७ टक्के व्याज अनुदान म्हणून थेट खात्यात परत मिळतं. समजा १५,००० रुपये १२ टक्क्यांनी घेतले आणि १२ समान हप्त्यांत फेडले. हप्ता येतो सुमारे १,३३३ रुपये, वर्षाचं एकूण व्याज सुमारे ९९३. त्यातले साधारण ५७९ रुपये अनुदानातून परत येतात, म्हणजे खिशातून जातात चारशेच्या आसपास. रोज सकाळी हजार देऊन संध्याकाळी अकराशे वसूल करणाऱ्या सावकाराशी हे ताडून बघा. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. पण खातं थकीत गेलं की अनुदान थांबतं आणि पुढच्या पायरीचं दारही बंद होतं, म्हणून हप्त्याच्या तारखेला खात्यात तेवढे पैसे राहतील हे पाहा.

क्यूआर कोडने पैसे घेतले तर कॅशबॅकही आहे. नव्या रचनेत तो १,६०० रुपयांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी क्यूआर तुमच्या स्वतःच्या खात्याचा हवा. भाच्याच्या नंबरवर काढलेला क्यूआर गाडीला लटकत असेल, तर तो आजच बदला.

पहिलं कर्ज फिटलं की बँकेकडून कर्ज बंद झाल्याचं पत्र मागून घ्या. शेवटचा हप्ता भरूनही नोंद बंद न झाल्याने दुसरा अर्ज अडकलेले विक्रेते मी पाहिले आहेत. ते पत्र, विक्री प्रमाणपत्र आणि पावत्यांच्या झेरॉक्स एका जाड प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरी ठेवा. गाडीच्या खणात नको, गाडी उचलली गेली तर कागदही तिच्याबरोबर जातात.