लारू–पाइन हिल्स

लारू–पाइन हिल्स : अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शॉनी राष्ट्रीय वनात, यूनियन काउंटीतील वुल्फ लेक गावाजवळ असलेले संरक्षित निसर्गक्षेत्र. शासकीय दप्तरी ते ‘लारू–पाइन हिल्स/ऑटर पाँड’ या जोडनावाने नोंदलेले असून संशोधनासाठी राखीव आहे. पूर्वेला चुनखडकाचा उभा कडा, पश्चिमेला लारू दलदल आणि दोहोंच्या मधून, कड्याच्या पायथ्यालगत, सु. ४ किमी. (अडीच मैल) लांबीचा खडीचा रस्ता अशी येथील मांडणी आहे. वनखात्याच्या नोंदीत या रस्त्याचा क्रमांक ३४५. लोक त्याला ‘स्नेक रोड’ म्हणतात. वसंतात आणि शरदात साप तो ओलांडतात. या काळात रस्ता वाहनांना बंद असतो, पायी जाण्यास मात्र मुभा असते.

कडा व दलदल : कड्याचा बहुतेक भाग बेली चुनखडकाचा, म्हणजे डेव्होनियन कालखंडाच्या आरंभीचा, ढोबळमानाने ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. या खडकाचे थर पातळ असून त्यांत चर्ट या कठीण, सिलिकायुक्त दगडाच्या पट्ट्या आहेत. पाण्याने चुना विरघळतो, चर्ट टिकतो. परिणामी थरांमधील फटी आत खोलवर रुंदावतात आणि पायथ्याशी धारदार तुकड्यांचा घसारा साचतो. कड्याची उंची साधारण ४५ मी. (१५० फूट) सांगितली जाते. माथ्यावरील कणा, म्हणजे डोंगराची धार, त्याहून बराच वर चढतो. कणा कोरडा आणि माती पातळ असल्यामुळे तेथे आखूड सुयांचा पाइन नैसर्गिकपणे वाढतो. इलिनॉयमध्ये त्याच्या अशा जागा अगदी थोड्या आहेत.

दलदलीच्या उत्पत्तीबद्दल एकमत नाही. काही वर्णनांत ती मिसिसिपी नदीने सोडलेला जुना प्रवाह मानली आहे, तर काहींत बिग मडी या उपनदीचा. कडा तासण्याइतकी ताकद मिसिसिपीच्याच पात्रात होती, हे बहुतेकांना मान्य आहे. पण आजच्या दलदलीचा अरुंद, वळणदार आकार आणि बिग मडीचे सान्निध्य पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मोठ्या नदीने कडा उघडा पाडला आणि पुढे लहान नदीने त्याच खोलगट पट्ट्यातून वाहून पुढे तो पट्टा सोडून दिला, असा क्रम धरला तर दोन्ही वर्णने जुळतात. कड्याच्या पायथ्याशी थंड पाण्याचे झरे आहेत. त्यांत ‘स्प्रिंग केव्हफिश’ हा गुहा आणि झऱ्यांत राहणारा लहान मासा आढळतो.

सापांचे येणे-जाणे : सापांना शरीराचे तापमान आतून राखता येत नाही. हिवाळ्यात दलदल गोठते, म्हणून त्यांना गोठवणारी थंडी पोचणार नाही इतक्या खोल जागेची गरज असते. ती कड्याच्या फटींत मिळते. उन्हाळ्यातील भक्ष्य, म्हणजे बेडूक, मासे व लहान साप, दलदलीत असते. बहुतेक ठिकाणी या दोन जागांमध्ये मोठे अंतर पडते. येथे ते रस्त्याच्या रुंदीपेक्षा फारसे जास्त नाही, आणि क्षेत्राचे सारे महत्त्व यातच आहे. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये साप पश्चिमेकडून पूर्वेकडे, मार्चअखेर ते मेपर्यंत उलट दिशेने जातात. रस्ता बंद ठेवण्याची प्रथा सर्वसाधारणपणे १९७२ पासूनची सांगितली जाते. सध्याचा बंदीचा काळ १५ मार्च ते १५ मे आणि १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर असा आहे.

वनखात्याच्या माहितीनुसार इलिनॉयमधील उभयचरांच्या ६६ टक्के आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ५९ टक्के जाती या क्षेत्रात आहेत. सापांच्या जाती वीसहून अधिक आहेत. त्यांतील विषारी तीनच : कॉटनमाउथ, कॉपरहेड आणि टिंबर रॅटलस्नेक. तिन्ही पिट वायपर, म्हणजे सह्याद्रीतील चापड्याच्याच उपकुलातील. डोळा व नाकपुडी यांच्यामधील उष्णतासंवेदी खळगा ही त्यांची खूण. कॉटनमाउथ सर्रास दिसतो, कॉपरहेड कमी, रॅटलस्नेक क्वचित. बिनविषारींत पाणसाप, रिबन, गार्टर, हिरवा साप, रॅटस्नेक व रिंगनेक ठळक. येथील पाणसाप आपल्या पाणदिवडाच्या कुलगोत्रातले आहेत.

कॉटनमाउथ : हा येथे आपल्या प्रदेशाच्या उत्तर सीमेजवळ आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेड यांनी १७८९ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे तीन उपप्रजाती मानण्याची पद्धत रूढ झाली आणि इलिनॉयमधील सापांना ‘पश्चिमी’ (ल्यूकोस्टोमा) म्हटले जाऊ लागले. २०१५ मध्ये बर्ब्रिंक व गायहर या संशोधकांनी जनुकीय पुराव्यावरून फ्लोरिडाकडील साप स्वतंत्र प्रजाती धरले व उरलेल्या सर्वांना एकच प्रजाती मानले. या मांडणीत पश्चिमी उपप्रजातीला जागा राहत नाही. दोन गटांच्या सीमेवर संकर होतो, म्हणून काही अभ्यासक जुनीच विभागणी वापरतात. तरी नव्या मांडणीचा आधार भक्कम दिसतो. जुन्या क्षेत्र-मार्गदर्शिकांत ‘पश्चिमी कॉटनमाउथ’ दिसल्यास तो हाच साप समजावा.

हा साप पाठलाग करतो हा समज दृढ आहे. गिबन्स व डॉर्कास या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साउथ कॅरोलायनातील प्रयोगांत रानातील सापांशेजारी उभे राहून, बुटाने हलके दाबून आणि शेवटी कृत्रिम हाताने उचलून पाहिले. ४५ पैकी २३ सापांनी निसटण्याचा प्रयत्न केला. उचललेल्या ३६ पैकी १३ सापांनीच त्या हाताला चावा घेतला. अडलेला साप वेटोळे घालतो, शेपूट थरथरवतो आणि आतून पांढरे असलेले तोंड उघडून स्थिर राहतो. हा इशारा असतो. दोन-तीन पावले मागे सरले की तो सहसा वाट धरतो. पाणसाप आणि कॉटनमाउथ यांची गल्लत नेहमी होते. पोहताना कॉटनमाउथचे बहुतेक अंग पाण्यावर तरंगते, पाणसापाचे बरेचसे पाण्याखाली असते. वरून पाहिल्यास पाणसापाचे डोळे दिसतात, कॉटनमाउथचे भुवईसारख्या खवल्याखाली झाकले जातात. डोळ्याची उभी बाहुली ही कॉटनमाउथची खूण खरी आहे, पण ती दिसेल इतके जवळ जाणे हीच चूक. पिलांच्या शेपटीचे टोक पिवळसर हिरवे असते. पिले उन्हाळ्याच्या शेवटी जन्मतात, त्यामुळे शरदात पाचोळ्यात पेन्सिलीएवढे कॉटनमाउथ असू शकतात. ते लहान असले तरी पूर्ण विषारी असतात.

पायी फिरताना : कडा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सावलीत असतो. थंड रात्रीनंतरच्या उबदार दिवशी दुपारपासून उन्हे खडकावर येतात आणि साप बाहेर पडतात. पहाटे लवकर गेलेल्यांची बहुधा निराशा होते. वारा आणि ढग असले तर दुपारही रिकामी जाते. रस्त्याच्या मधोमध, पुढच्या चार-पाच पावलांवर नजर ठेवून चालावे. आडव्या ओंडक्यावरून थेट पाय टाकू नये. आधी त्यावर उभे राहून पलीकडे पाहावे. कड्याच्या फटीत हात घालणे, घसाऱ्यावर बसणे, दगड उलटणे हे तिन्ही टाळावे. दगड उलटल्याने सापाचा निवाराही मोडतो. घोट्यावर येणारे बूट, लांब विजार आणि दुर्बीण पुरेशी. रस्त्यावर साप दिसल्यास किमान दोन मीटर अंतर ठेवून थांबावे व त्याला ओलांडू द्यावे; दोन्ही बाजूंनी माणसे जमली की तो अडतो. साप पकडणे, हाताळणे, गोळा करणे कायद्याने मना आहे. दंश होतात तेही बहुधा हात लावणाऱ्यांनाच. सर्वसामान्य पाहुण्याला गोचीड, चिगर (चावणारे सूक्ष्म कीटकसदृश जीव) आणि पॉयझन आयव्ही (अंगाला खाज आणणारी वेल) यांचाच त्रास अधिक होतो.

दंश झाल्यास सापापासून दूर व्हावे, अंगठी व घड्याळ काढावे, अवयव हृदयाच्या पातळीवर स्थिर ठेवावा, सुजेची कड व वेळ पेनाने लिहावी आणि ९११ या अमेरिकेतील आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. चिरणे, चोखणे, बर्फ लावणे किंवा आवळपट्टी बांधणे हानिकारक आहे. नाग-मण्यारीसारख्या मज्जाविषारी सापांसाठी काही ठिकाणी सांगितली जाणारी दाबपट्टीही येथे वापरत नाहीत, कारण या सापांचे विष ऊती नष्ट करते व दाबाने ते एका जागी साचते. अमेरिकेत पिट वायपरसाठी स्वतंत्र प्रतिविष मिळते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारे भारतीय प्रतिविष या दंशांवर उपयोगी नाही.

माथ्यावरील वाट : कण्यावरून पाइन हिल्स रस्ता जातो. त्यावर इन्स्पिरेशन पॉइंटसारखी दर्शनस्थळे आहेत. मॅककॅन स्प्रिंग्सच्या सहलस्थळापासून इन्स्पिरेशन पॉइंटपर्यंतची पायवाट आखूड पण चढणीची आहे. कड्याला कठडा नाही आणि चर्टचे तुकडे पायाखालून सरकतात, त्यामुळे पावसानंतर कडेपासून दूर राहावे. वरून दलदल, तिच्यापलीकडचे पूरमैदान आणि स्वच्छ हवेत मिसिसिपीच्या दिशेचा सखल प्रदेश दिसतो.