बेडकांसाठी जनुकीय मार्कर: नमुने पाठवण्याआधी वाचा

दोन मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या) तलावांतले बेडूक अजून एकमेकांत मिसळतात का, की मधल्या डांबरी रस्त्याने त्यांची ताटातूट केली? भंडारा-गोंदियाकडून आमच्या प्रयोगशाळेकडे येणारे प्राध्यापक, विद्यार्थी आणि निसर्गमंडळे बहुतेकदा हेच विचारतात. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही, मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणा, लागतात.

आम्ही मायक्रोसॅटेलाइट मार्कर तयार करतो. डीएनएत काही ठिकाणी दोन ते सहा अक्षरांचा तुकडा लागोपाठ येतो, जसे सीएसीएसीए. तो किती वेळा येतो हे बेडकागणिक बदलते. दोन तलावांत या लांबींचे प्रमाण जवळपास सारखे निघाले, तर येणे-जाणे असावे. फार वेगळे निघाले, तर ते तुटले असावे. रस्ता कालपरवाच झाला असेल तर मात्र फरक दिसणार नाही, त्याला बेडकांच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात. हे आम्ही काम घेण्याआधीच सांगतो.

डीएनए वाचून अशा जागा शोधायच्या, दोन्ही बाजूंना चिकटणारे साधारण 20 अक्षरांचे डीएनएचे तुकडे, म्हणजे प्रायमरची जोडी, आखायची आणि पीसीआर (मधल्या भागाच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) लावून पाहायचे. इथे गळती फार. काही जोड्यांतून काहीच मिळत नाही, काहींत सगळ्या बेडकांची लांबी एकच निघते. म्हणून दरपत्रकात जास्तीच्या जोड्या धरलेल्या असतात. जवळच्या जातीचे तयार मार्कर कधीकधी चालून जातात. आधी ते तपासू, तुमचा पैसा वाचेल.

आता नमुन्यांचे, कारण खरे काम तिथेच बिघडते. फॉर्मॅलिनमधला बेडूक पाठवू नका, त्यात डीएनएचे तुकडे पडतात. तोंडातून फिरवलेला स्वॅब किंवा डिंभाच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या) शेपटीचे इवलेसे टोक 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले की पुरते. बेडूक मारावा लागत नाही. एकाच डबक्यातले डिंभ ओंजळीने भरून आणू नका. ती बहुधा एकाच मादीची पिल्ले असतात, मग निकाल तलावाचा न येता एका घराण्याचा येतो. पहिल्या पावसात बोडीवर (लहान तळ्यावर) पिवळेजर्द होऊन, निळे गळे फुगवून ओरडणारे नर सापडतात. पण माद्याही घ्या. दर तलावामागे 25 ते 30 मोठे बेडूक असावेत. प्रत्येक बेडकाला नवे हातमोजे वापरा, नाहीतर बेडकांच्या कातडीला रोग करणारी कायट्रिड बुरशी एकाची दुसऱ्याला आपणच लावू.

बेडकाला हात लावण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी घ्या. तिची प्रत सोबत नसेल तर नमुने आम्ही ठेवून घेत नाही.