रिमफायर रिव्हॉल्व्हरचं ट्यूनिंग आणि झिरोइंग

टार्गेट शूटिंगचं पॉइंट टू टू (म्हणजे ०.२२ इंची) रिव्हॉल्व्हर नेमबाजाच्या हाताला, डोळ्याला आणि त्याच्या गोळीला जुळवून घेणं म्हणजे ट्यूनिंग, आणि मग ठरलेल्या अंतरावर गोळी हवी तिथेच लागेल अशा साईट्स (हत्यारावरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) बसवणं म्हणजे झिरो करणं. क्रम पक्का आहे, आधी हत्यार, मग गोळी, मग साईट. बरेच जण नेमकं उलटं करतात, दोन गोळ्या डावीकडे गेल्या की लगेच स्क्रूड्रायव्हर हातात.

रिमफायर गोळीत पेट घेणारा मसाला केसच्या, म्हणजे गोळीच्या पितळी नळकांड्याच्या, बुडाच्या कडेत भरलेला असतो, हॅमरचा म्हणजे घोड्याचा मार त्या कडेवर बसून पितळ चेपलं गेलं की बार उडतो. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये असल्या गोळीचं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि आज जी पॉइंट टू टू लाँग रायफल गोळी जगभर चालते ती १८८७ पासूनची. स्पर्धेच्या २५ मीटर प्रकारांत आता बहुतेकांच्या हातात सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल दिसतं, पण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रिव्हॉल्व्हरला बंदी नाही. फक्त तेच नियम पाळायचे, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, बॅरल म्हणजे नळी १५३ मिलिमीटरच्या आत, पुढच्या मागच्या साईटमधलं अंतर २२० मिलिमीटरच्या आत, आणि साईट्स उघड्या, दुर्बीण किंवा रेड डॉट काही नाही. रिव्हॉल्व्हरची बॅरल मोजताना सिलेंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) धरत नाहीत, पिस्तुलात मात्र चेंबरसकट (गोळी बसते त्या खोबणीसकट) मोजतात.

आता मुख्य मुद्दा. पिस्तुलाला चेंबर एकच, रिव्हॉल्व्हरला सहा, काहींना आठ किंवा दहा, आणि प्रत्येक चेंबर बॅरलसमोर अगदी सारखंच येऊन थांबेल असं नसतं. एखादं चेंबर केसभर बाजूला थांबलं तर गोळी बॅरलच्या मागच्या तोंडाशी घासते, शिसं खरवडलं जातं आणि तो शॉट ग्रुपच्या (टार्गेटवर जवळजवळ लागलेल्या शॉट्सच्या झुबक्याच्या) बाहेर पडतो, नेमबाज मात्र बिचारा स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो. म्हणून पहिली टेस्ट अशी की चेंबर्सवर मार्करने नंबर टाकायचे, हात सँडबॅगवर टेकवायचा, आणि एका टार्गेटवर फक्त एका चेंबरच्या पाच गोळ्या, दुसऱ्यावर दुसऱ्याच्या, असं सगळ्यांचं करायचं. वेळ आणि गोळ्या दोन्ही जातात पण याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. आणि यातून एक मोठा फायदा मिळतो, स्पर्धेत सिरीज पाच शॉट्सची असते आणि सिलेंडर सहाचा, म्हणजे जे चेंबर सगळ्यात वाईट निघालं ते रिकामं ठेवून बाकीची पाच भरता येतात. स्मिथचं जुनं मॉडेल १७ असेल तर हे फार उपयोगाचं.

ट्रिगरबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरचं वजन कमीत कमी १००० ग्रॅम लागतं, बॅरल सरळ वर धरून ट्रिगरला वजन टांगून तपासतात. १० मीटर एअर पिस्तूलला ५०० ग्रॅम चालतं, त्यामुळे एअर पिस्तूलवरून आलेल्या मुलांना हा ट्रिगर दगडासारखा वाटतो आणि मग तो हलका करायची घाई होते. सोपा दिसणारा रस्ता म्हणजे हॅमरची मेनस्प्रिंग सैल करणं, स्मिथच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ग्रिपखाली पुढच्या बाजूला एक स्क्रू असतो तो थोडा मागे फिरवला की ट्रिगर लगेच मऊ लागतो. रिमफायरमध्ये हे करू नये. इथे पितळाची कडा चेपायला जोर लागतो, मार कमी पडला की काही गोळ्या उडतच नाहीत, आणि ज्या उडतात त्यांचा पेट सारखा होत नाही म्हणून ग्रुप वर-खाली पसरतो. मिसफायर व्हायला लागले की आधी हा स्क्रू पूर्ण आवळलेला आहे ना ते बघावं, कधीकधी तो आपोआपही सैल होतो. ट्रिगर सुटल्यानंतर तो मागे किती जातो हे अडवणारा स्टॉप काही टार्गेट रिव्हॉल्व्हरना असतो, त्याने नळी हलणं कमी होतं, पण तो जास्त पुढे आणला तर हॅमर घासून अडकतो. आतल्या भागांना कानस लावणं हे तर घरी करायचंच नाही, हत्याराची दुरुस्ती आणि बदल हे लायसन्स असलेल्या गनस्मिथचं काम आहे, शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ तेच सांगतं.

स्वच्छता हा ट्यूनिंगचाच भाग. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या केस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेल्या बारुदाचे कण साठतात, मग सिलेंडर जड फिरतो. चेंबरमध्ये मेण आणि काजळी साठली की केस पूर्ण आत बसत नाही, हॅमरच्या माराची निम्मी ताकद तिला आत ढकलण्यातच जाते आणि परत मिसफायर. रिकामं हॅमर सोडायची सवय पण वाईट, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पडू शकतो, ड्राय प्रॅक्टिससाठी, म्हणजे गोळीविना सरावासाठी, स्नॅप कॅप (नकली गोळी) वापरावी.

गोळी स्टँडर्ड व्हेलॉसिटीची घ्यावी, साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खाली, बुलेट ४० ग्रेनची म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. हाय व्हेलॉसिटीची टार्गेटला काही गरज नाही. एकाच ब्रँडचे दोन लॉटसुद्धा (एका खेपेला बनलेल्या गोळ्या म्हणजे एक लॉट) वेगळे लागू शकतात, म्हणून जो लॉट जमला तोच स्पर्धेपुरता बाजूला ठेवायचा.

आता साईट. नियम सोपा, गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साईट हलवायची, पुढची साईट हलवायची असेल तर उलट. किती हलवायची त्याचा हिशेब पण सोपा आहे, साईट्समधलं अंतर गुणिले चूक भागिले टार्गेटचं अंतर. समजा साईट्समध्ये २०० मिलिमीटर आहेत आणि २५ मीटरवर ग्रुप ५० मिलिमीटर डावीकडे आहे, तर मागची साईट ०.४ मिलिमीटर उजवीकडे, बस. हाच हिशेब उलटा वाचला की कळतं पुढची साईट मागच्या खाचेत नीट मधोमध धरायला का सांगतात. तिथे १ मिलिमीटर चुकलं तर टार्गेटवर १२५ मिलिमीटर, म्हणजे दहाऐवजी थेट सहाच्या कडेला. तेच साईट्स जुळलेल्या असताना सगळा हात १ सेंटिमीटर सरकला तर गोळी १ सेंटिमीटरच सरकते, आणि प्रिसिजन (सावकाश मारायच्या टप्प्याच्या) टार्गेटचा दहाचा गोल चांगला ५० मिलिमीटरचा आहे. म्हणून नजर पुढच्या साईटवर, काळा गोल धूसर दिसला तरी चालेल.

साईटचा स्क्रू टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरतो, त्यातला एक टप्पा म्हणजे एक क्लिक. एक क्लिक म्हणजे किती हे पुस्तिकेवर विसंबून न राहता स्वतः मोजावं, एक ग्रुप मारायचा, दहा क्लिक फिरवायचे, दुसरा मारायचा, मधलं अंतर भागिले दहा. आणि झिरो हा माणसाचा असतो, नुसत्या हत्याराचा नाही, पकड वेगळी, डोळा वेगळा, काळ्या गोलाच्या खाली किती जागा सोडून धरतो ते वेगळं, त्यामुळे दादाने लावलेल्या साईटवर ताईचा शॉट दुसरीकडे लागला तर कुणाचंच काही चुकलेलं नाही. सँडबॅगवरचा झिरो पण शेवटचा नव्हे, शेवटचे क्लिक उभं राहून एका हाताने मारलेल्या ग्रुपवरच ठरवायचे.

ठाणे-नवी मुंबईतल्या नेमबाजांना हे सगळं करायला जागेचीच खरी अडचण. नवीन पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, एअर रायफलमध्ये त्याचं नाव मोठं, पण २५ मीटरवर पॉइंट टू टूसाठी वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज नाहीतर पुण्याचं बालेवाडी गाठावं लागतं. येऊरच्या जंगलात किंवा खाडीकडेला जाऊन चार गोळ्या टेस्ट करू हा विचार मनातसुद्धा आणू नये, येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, गुन्हा तर आहेच, आणि ही छोटीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जीव घेऊ शकते. दोन्ही शहरांत पोलीस आयुक्तालय आहे त्यामुळे लायसन्सचं काम आयुक्तांकडे.

इथला पावसाळा हत्याराचा शत्रू. जून ते सप्टेंबर फोमच्या केसमध्ये महिनाभर ठेवलं की गंज आलाच समजा, पातळ तेलाचा हात फिरवून सिलिका जेलसोबत कपाटात ठेवावं, आणि मारायच्या आधी बॅरल-चेंबरमधलं तेल पुसून टाकावं, नाहीतर पहिले काही शॉट्स वेगळे जातात. ढगाळ उजेडात खाचेतल्या दोन्ही बाजूंच्या फटी बारीक दिसतात, थोडी रुंद खाच अशा वेळी बरी पडते. पुढची साईट चमकत असेल तर काजळी धरून मिट्ट काळी करायची, नाहीतर उजेड पडलेली कडा डोळ्याला फसवते.

सामन्यात प्रिसिजनच्या आधी पाच शॉट्सची साईटिंग सिरीज मिळते, ५ मिनिटांची. पाचही शॉट्स मारून ग्रुपचा मध्य बघायचा, मग लागले तर एक-दोन क्लिक, पहिल्याच शॉटला हात लावायचा नाही. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात, टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि मध्ये ७ सेकंद मिळतात, तेवढ्यात अंगठ्याने हॅमर चढवून हात खाली आणता येतो, पण त्यात पकड हलली तर झिरोही हलतो, म्हणून हॅमर चढवायचा सराव क्लिक मोजण्याइतकाच मन लावून करावा लागतो.