नादिया कोमानेची आणि "उशीर तर नाही ना झाला?"

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जळगाव, धुळे, भुसावळकडे जिम्नॅस्टिक्स-मल्लखांबाचे क्लास भरतात, आणि तिथं पालकांचा पहिला प्रश्न फीचा नसतो, तो असतो, "पोर सात वरीसनी व्हई गयी भो, आते उशीर तं नही व्हई गया?" कुस्तीला, कबड्डीला असं कोणी विचारत नाही. जिम्नॅस्टिक्स म्हणजे अगदी चिमुरड्या पोरींचा खेळ ही समजूत डोक्यात बसलीये ती मुख्यतः एका मुलीमुळे, म्हणून तिची गोष्ट नीट सांगतो.

नादिया कोमानेची. जन्म १२ नोव्हेंबर १९६१, रोमानियातलं ओनेश्ती गाव. वडील मेकॅनिक. शाळेच्या आवारात मैत्रिणीबरोबर कोलांट्या मारताना सहाएक वर्षांच्या नादियाला बेला करोली या कोचनी हेरलं असं सांगतात, आणि मग बेला आणि त्यांची बायको मार्ता या दोघांच्या हाताखाली ती तयार झाली. १९६९ला देशाच्या ज्युनिअर स्पर्धेत तेरावी आली, पुढच्याच वर्षी जिंकली. १९७५ला नॉर्वेत युरोपियन चॅम्पियनशिपला चार गोल्ड आणि एक सिल्व्हर. म्हणजे माँट्रियल ऑलिंपिकच्या आधीच जाणकारांना ती माहीत होती, एका रात्रीत स्टार झाली वगैरे म्हणतात ते काही खरं नाही.

मग १८ जुलै १९७६, माँट्रियल. अनईव्हन बार्सवरचा (एक खाली, एक वर असे दोन आडवे दांडे) तिचा रुटीन संपला आणि बोर्डावर आकडा आला १.००. लोकांना कळेना काय झालं. ओमेगाच्या त्या बोर्डावर १०.०० दाखवायची सोयच नव्हती, एवढे मार्क कोणाला पडतील असं कोणाच्या मनातही नव्हतं. ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधले हे पहिले दहापैकी दहा, आणि त्याच स्पर्धेत तिनी एकूण सात वेळा ते घेतले. (सोव्हिएत संघाच्या टीममधल्या नेली किमलाही तिथं दहा पडले, तिचं नाव मात्र कोणी काढत नाही.) ऑलराउंड (म्हणजे सगळ्या प्रकारांचे मार्क मिळून), बार्स आणि बीम अशी तीन गोल्ड, टीमचं सिल्व्हर, फ्लोअरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं, ब्राँझ. वय १४. आपल्याकडे त्या वयात पोरगी आठवी-नववीत असते. हा बीम म्हणजे काय तर १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर वर, आपल्या धाब्याच्या घराच्या तुळईहून बारीक, आणि त्यावर उलट्या उड्या. खान्देशात तेव्हा घरोघरी टीव्ही कुठला, लोकांनी पाहिलं ते पेपरातल्या फोटोत, आणि फोटोत दिसली ती एक बारीकशी, न हसणारी पोर.

पुढचा भाग फोटोत आला नाही. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू, त्याच्या सरकारनी तिला समाजवादी श्रमवीराचा किताब दिला, आणि सरकारी शोपीस करून टाकलं. १९७७ला प्रागच्या युरोपियन स्पर्धेत जजिंगवरून वाद झाला तर खुद्द चाउशेस्कूच्या हुकमावरून अख्खी टीम स्पर्धा अर्धवट सोडून परत. त्याच सुमारास तिला करोलींपासून काढून बुखारेस्टला हलवलं. १९७८च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला उंची वाढलेली, वजन वाढलेलं, बार्सवरून पडली, ऑलराउंडमध्ये चौथी. सोळा वर्षांची पोर वाढणार नाही तर काय, पण बातम्या अशा आल्या जणू तिनी गुन्हा केला. (बीमचं गोल्ड तिथंही घेतलंच.) पुढच्या वर्षी अमेरिकेत फोर्ट वर्थच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला हाताच्या जखमेत इन्फेक्शन होऊन हॉस्पिटलात होती, तिथून येऊन बीम केला, ९.९५ घेतले आणि रोमानियाला टीम गोल्ड मिळालं. हे किस्से जिद्दीचे म्हणून सांगितले जातात, मला मात्र वाचताना तिला नाही म्हणायची सोय होती का हाच प्रश्न पडतो. करोलींच्या ट्रेनिंगमधली मारहाण, उपासमार याची नोंद रोमानियाच्या गुप्त पोलिसांच्या फायलींत होती, ते खूप नंतर बाहेर आलं.

१९८०च्या मॉस्कोत बीम आणि फ्लोअरची दोन गोल्ड, दोन सिल्व्हर. एकूण ऑलिंपिक मेडल नऊ, त्यात पाच गोल्ड. १९८१ला टीम अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि करोली नवराबायको तिकडेच राहिले, मग नादियावर पाळत बसली, पश्चिमेकडे जाणं जवळपास बंद. शेवटी नोव्हेंबर १९८९ला ती रात्री पायी सीमा ओलांडून हंगेरीत गेली, तिथून ऑस्ट्रिया, मग अमेरिका. गंमत बघा, महिन्याभरातच रोमानियात क्रांती झाली आणि चाउशेस्कूला गोळ्या घातल्या, थोडं थांबली असती तर बॅग भरून विमानानी जाता आलं असतं. १९९६ला तिनी अमेरिकन जिम्नॅस्ट बार्ट कॉनरशी बुखारेस्टलाच लग्न केलं.

आता नियमांकडे, कारण पालकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. १९७६ला १४ वर्षांची खेळाडू चालत होती, म्हणून नादिया खेळू शकली. तिच्यानंतर जो तो देश लहान लहान पोरी उतरवायला लागला. तेव्हा आंतरराष्ट्रीय फेडरेशननी ८०च्या दशकाच्या सुरुवातीला किमान वय १५ केलं आणि १९९७ पासून १६, म्हणजे ज्या वर्षी स्पर्धा त्या वर्षात सोळा पूर्ण व्हायला हवीत. नादियासारखं चौदाव्या वर्षी ऑलिंपिक गोल्ड घेणं आता नियमानीच शक्य नाही. दहा मार्कांची पद्धतही २००६ला गेली, आता अवघडपणाचे मार्क वेगळे आणि सफाईचे वेगळे, आणि अवघडपणाला वरची मर्यादा नाही. त्यानी एक झालं, नुसतं हलकं आणि लवचिक असून भागत नाही, ताकद लागते, आणि ताकद यायला वय लागतं. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनी २०२४ला पॅरिसमध्ये ऑलराउंड जिंकलं तेव्हा ती २७ची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर ३३व्या वर्षी बीजिंगला जर्मनीकडून व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) सिल्व्हर घेऊन गेली आणि ४६व्या वर्षी टोकियोत उतरली, ते तिचं आठवं ऑलिंपिक.

लवकर सुरू करायचा फायदा नाही असं नाही हां. आपली आगरतळ्याची दीपा कर्माकर सहाव्या वर्षीच लागली होती, तेही सपाट तळपाय असताना, जे या खेळात मोठी अडचण समजतात. पण सहाव्या वर्षी सुरू करणं वेगळं आणि चौदाव्या वर्षी मेडल आणायचं म्हणून पोरीला पिळणं वेगळं, आणि आपल्याकडचे काही पालक दोन्ही एकच समजतात. दीपा २०१६ला रिओत व्हॉल्टमध्ये १५.०६६ घेऊन चौथी आली, ब्राँझ ०.१५०नी हुकलं, तेव्हा ती २३ची होती. त्यानंतर दुखापती, ऑपरेशन, डोपिंगची बंदी असं सगळं झालं, आणि मे २०२४ला ताश्कंदमध्ये तिनी व्हॉल्टवर एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड जिंकलं, भारतातल्या कुठल्याही जिम्नॅस्टला तोपर्यंत न मिळालेलं. वय ३०.