मुठीवरची दोन अक्षरं

जुन्या पिस्तुलांच्या संग्राहकांना ही तक्रार पाठ असते. 'रूबी' जातीचं स्पॅनिश पिस्तूल हाती आलं, वरून ठीकठाक दिसतं. पहिली गोळी सुटते आणि दुसरं काडतूस नाक वर करून मध्येच अडकतं. अशा वेळी आधी बदनाम होते ती मॅगझिनमधली, म्हणजे काडतुसांच्या पेटीतली, स्प्रिंग. शंभर वर्षं दबून बसलेली स्प्रिंग थकते हे खरं, पण रूबीच्या बाबतीत आधी पिस्तूल कुणी बनवलं ते बघावं.

1915 साली, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, फ्रान्सच्या सैन्याला पिस्तुलं कमी पडू लागली. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या गाबिलोंदो ई उरेस्ती या कंपनीकडे महिन्याला 10,000 नगांची मागणी गेली आणि ती पुढे वाढतच राहिली. एकट्या कंपनीच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. मग एइबार आणि आसपासच्या कारखान्यांना ते वाटून दिलं गेलं. पाहता पाहता डझनावारी कारखाने तेच पिस्तूल बनवू लागले. नमुना ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराच्या 1903 च्या पिस्तुलाचा. पण कानस प्रत्येकाची वेगळी! सुटे भाग घासूनपुसून त्या-त्या पिस्तुलाला बसवलेले, त्यामुळे एकाचं मॅगझिन दुसऱ्याला नीट बसेल याचा भरवसा नाही.

हा किरकोळ फरक एवढा का नडतो? या पिस्तुलात नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, यांना जखडणारं कुलूप नसतं. वायू गोळीला पुढे ढकलतो, तसाच काडतुसाच्या रिकाम्या कवचाला मागे रेटतो. स्लाइड जड, शिवाय तिच्या स्वतःच्या वेगळ्या स्प्रिंगचा विरोध; म्हणून ती सावकाश मागे सरकते आणि तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. परत येताना स्लाइड मॅगझिनमधल्या सर्वांत वरच्या काडतुसाला ढकलत नळीत नेते. त्या क्षणी काडतूस कोणत्या उंचीवर, किती कललेलं असावं, हे ठरवतात मॅगझिनच्या तोंडाशी आत वळवलेले पत्र्याचे दोन ओठ. ते जरा फाकले किंवा मॅगझिन जरा खाली बसलं, की काडतुसाचा नेम चुकतो.

त्यात 7.65 मिलिमीटरच्या या काडतुसाची स्वतःची एक खोड आहे. त्याच्या बुडाची कडा किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली, तर पुढे सरकताना दोन्ही एकमेकांत अडकतात. अशा वेळी ना स्प्रिंगचा दोष, ना मॅगझिनचा.

कारखान्याचा माग काढायला भिंग पुरतं. फ्रान्सला गेलेल्या रूबींच्या मुठीच्या मागच्या भागात लंबगोलात दोन अक्षरं ठोकलेली सापडतात. जी-यू म्हणजे खुद्द गाबिलोंदो ई उरेस्ती. मॅगझिनच्या बुडाशीही अशीच अक्षरं असतात. शेजारी एइबारच्या चाचणीगृहाचा, म्हणजे शस्त्रं तपासून पास करणाऱ्या संस्थेचा, ठसा असेल, तर 1927 पासून वर्षासाठी अक्षर वापरत: ए म्हणजे 1927. मात्र ते चाचणीचं साल. पिस्तूल त्याआधीचंही असू शकतं.

आणि क्रमांक कुणी कानशीने घासून टाकला असेल तर? ठसा ठोकताना त्याखालचं पोलादही खोलवर दबलेलं असतं. वरचा आकडा गेला तरी ती दबलेली जागा राहते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिथे आम्लयुक्त द्रावण लावतात. दबलेला धातू शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा हळूहळू अंधूक वर येतो. घासणाऱ्याने फारच खोल घासलं असेल, तर मात्र काही उरत नाही.

तर आपल्या अडकणाऱ्या रूबीकडे परत. ती रिकामी आहे याची खात्री करून परवानाधारक कारागिराने मॅगझिन बाहेर काढलं, मुठीवरची आणि बुडावरची अक्षरं ताडून पाहिली. मुठीवर जी-यू, बुडावर भलतंच काही. कधीतरी बराकीत नाहीतर दुकानाच्या फळीवर अदलाबदल झालेली. जी-यूचं मॅगझिन मिळवून बघायचं. तरीही काडतूस अडकलं, तर मग स्प्रिंगकडे वळायचं.