तासाला किती माणसं?

मे महिन्यात भाच्यांना घेऊन एका मनोरंजन पार्कात गेलो होतो. रोलर कोस्टरची रांग बघून धाकट्याचं तोंड उतरलं. "मामा, तासभर तरी लागेल." मी घड्याळ बघत बसलो. एक गाडी सुटली की दुसरी बरोबर दोन मिनिटांनी. गाडीत २८ जागा. म्हणजे तासाला ३० गाड्या, ८४० माणसं. आमच्यापुढे चारशेच्या आसपास डोकी होती, तेव्हा अर्ध्या तासात नंबर लागायला हवा. तिसाव्या मिनिटाला आम्ही गाडीत बसलो आणि मामाचा भाव जरा वधारला.

राइडची उंची, तिचा वेग, ती किती वेळा उलटं करते, हे सगळं होर्डिंगवर छापायला. विकत घेताना मालक आधी विचारतो ते ताशी क्षमतेबद्दल: एका तासात किती माणसं बसून उतरतील?

हा आकडा वाढवणं दिसतं तितकं सोपं नसतं. गाडी सुटून, फिरून, रिकामी होऊन, पुन्हा भरून निघायला समजा चार मिनिटं लागली, तर एका गाडीत तासाला ४२० च माणसं. दुसरी गाडी आणली की दुप्पट. पण एका रुळावर दोन गाड्या धावायच्या तर त्या एकमेकींवर आदळता कामा नयेत. त्यासाठी रुळाचे तुकडे पाडतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढचा तुकडा मोकळा नसेल तर ब्रेक मागच्या गाडीला धरून ठेवतात. कल्याणच्या अलीकडे लोकल सिग्नलला का खोळंबते, याचं उत्तरही हेच. म्हणून गाडी जिथे थांबवता येईल असे ब्रेकचे टप्पे आराखड्यातच बसवावे लागतात. तिथे पोलाद लागतं, जागा लागते, आणि पैसाही.

उरलेली गंमत फलाटावर. सीटवरचा दांडा खाली ओढून, पट्टा खेचून बघणारी दोन-चार पोरं असतात. चप्पल कुठे ठेवू, चष्मा काढू का, असं विचारणारे आपण असतो. दोन गाड्यांमधल्या १२० सेकंदांतून इथे १५ सेकंद वाचले तर तासाला ८४० ऐवजी ९६० माणसं बसतात. आठ तासांत जवळजवळ हजार माणसं जास्त, तेही एक नवा बोल्ट न लावता.

पार्क आखणारे वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस हिशेबात धरत नाहीत; एका रविवारसाठी एवढं बांधलं तर बाकीचं वर्ष ते रिकामं पडेल. त्याच्या जरा खालचा, बऱ्यापैकी गर्दीचा दिवस धरतात. समजा त्या दिवशी आवारात एका वेळी ८,००० माणसं आहेत आणि प्रत्येकाला तासाला दीड राइड मिळावी असं ठरवलं. म्हणजे तासाला १२,००० जागा लागणार, आणि ८४० वाला कोस्टर त्यातल्या फक्त ७ टक्के देणार. बाकीचा भार पाळणे, होड्या, बसून बघायचे खेळ उचलतात.

होड्यांवरून डिस्नेलँडची गोष्ट सांगायलाच हवी. कॅलिफोर्नियातलं हे पार्क १९५५ साली उघडलं. उभारणीसाठी एबीसी या टीव्ही कंपनीने पाच लाख डॉलर रोख दिले, ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली आणि बदल्यात पार्कातला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त वाटा घेतला. शिवाय वॉल्ट डिस्नेने दर आठवड्याचा टीव्ही कार्यक्रम करून द्यायचा होता. पैसेही त्यांचे आणि जाहिरातही त्यांच्याच पडद्यावर! हा सौदा मला आजही अफलातून वाटतो.

त्याहून चलाख खेळी १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातली. तिथे डिस्नेने चार दालनांसाठी आकर्षणं केली: फोर्डसाठी, जनरल इलेक्ट्रिकसाठी, इलिनॉय राज्यासाठी आणि युनिसेफच्या नावाने पेप्सीसाठी. नवं तंत्र शोधायचा, करून बघायचा, चुकायचा खर्च दुसऱ्यांच्या खात्यावर. प्रदर्शन आटोपल्यावर त्यातलं बरंच काही डिस्नेलँडमध्ये आलं.

पेप्सीची राइड म्हणजे 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड', देशोदेशीच्या बाहुल्यांमधून जाणारी होडी. काम हाती आलं तेव्हा उद्घाटनाला वर्षही उरलं नव्हतं. प्रदर्शनातली गर्दी उपसायची म्हणून अॅरो डेव्हलपमेंट या कंपनीने अरुंद कालव्यातून पाण्याच्या झोतांनी ढकलली जाणारी होडी बनवली. होड्यांना रोलर कोस्टरसारखं लांब अंतर राखावं लागत नाही. एकीच्या मागे एक लागलेली असते. २० माणसांची होडी दर २५ सेकंदांनी सुटली, तर तासाला २,८८० माणसं. आपल्या २८ जागांच्या कोस्टरच्या तिपटीहून जास्त.

त्याच सुमारास डिस्नेलँडमध्ये समुद्री चाच्यांचं एक दालन व्हायचं होतं. मेणाच्या पुतळ्यांमधून चालत जायचं, असा बेत. तळघरासाठी खड्डाही खणून झाला होता. पण चालणारी माणसं रेंगाळतात, फोटो काढतात, मूल हरवतं. तासाचा आकडा काही वाढत नाही. न्यूयॉर्कमधल्या होड्यांनी गर्दी कशी ओढून नेली हे दिसल्यावर बेत बदलला आणि चाच्यांकडेही होडीतून जायचं ठरलं. तेव्हा डिस्नेलँडमध्ये प्रत्येक राइडचं वेगळं कूपन फाटायचं, त्यामुळे माणसं वाढली की गल्लाही वाढणार, हे उघड होतं.

आता होडीचा लांबलचक कालवा त्या तळघरात मावेना. पार्कभोवती मातीचा बांध, बांधावर छोट्या आगगाडीचे रूळ. मोठी इमारत बांधायला जागा होती ती बांधापलीकडे. मग होडीला रुळांखालून नेण्यासाठी कालव्यालाच दोन उतार दिले. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' १९६७ च्या मार्चमध्ये उघडली, वॉल्ट डिस्ने गेल्यानंतर तीन महिन्यांनी. अंधारात होडी धाडकन खाली जाते आणि सगळे किंचाळतात, तेव्हा ते पार्काच्या कुंपणाखालून पलीकडे निघालेले असतात.